वाळवीने खाल्लेला राजा

गंगाखेडच्या दत्तरावांचा थकवा साऱ्या तालुक्याला माहीत होता. संध्याकाळी ते कचेरीतून निघाले की त्यांची सावली त्यांच्या आधी घरी पोचून ओट्यावर बसलेली असे. आणि त्यांची जांभई म्हणजे साधीसुधी नव्हे. कचेरीच्या दारात त्यांनी ती दिली की शिपाई ती उचली, शिपायाकडून ती पानवाल्याकडे जाई, पानवाल्याकडून टांगेवाल्याकडे, आणि टांग्यात बसून थेट स्टेशनावर. तिथं गार्ड जांभई देण्यात गुंतला की परळीची गाडी उशिरा सुटे. याला पुरावा काय, असं कुणी म्हटलं तर गाडी उशिरा सुटत होती की नाही, एवढंच त्याला विचारावं.

थकायला कारणही तसंच होतं. साल सत्तावन्न. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं होत आली होती, मराठवाडा मुंबई राज्यात येऊनही काही महिने उलटले होते. पण तालुक्याचं जुनं दप्तर होतं तिथंच होतं, उर्दूत. ते मराठीत उतरवायचं, म्हणजे तर्जुम्याचं, काम दत्तरावांच्या गळ्यात आलं, कारण दोन्ही लिप्या हाताला वळणारा कारकून तेवढा एकच उरला होता. अकरापासून पाचपर्यंत डोळे उजवीकडून डावीकडे चालायचे आणि हात डावीकडून उजवीकडे. मधे सापडलेल्या डोक्याचं काय होत असेल ते डोक्यालाच ठाऊक. घरी कमलबाईंनी ताट वाढलं तरी ते भाकरीकडे बघत बसायचे.

"कामून थांबलाव?" कमलबाई विचारायच्या.

"तर्जुमा करायलो."

"कशाचा?"

"भाकरीचा."

"मग सावकाश करा. कालवण निवू द्या."

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, हैदराबादेहून कार्ड आलं. गुलाम दस्तगीर मुन्शींचं. हे मुन्शी म्हणजे दत्तरावांचे जुने वरिष्ठ. वीस वर्षं दोघं एकाच कचेरीत शेजारी बसले आणि दर जुम्म्याच्या सुट्टीला एकाच पटावर समोरासमोर. अठ्ठेचाळीस साली मुन्शी लेकीकडे हैदराबादला गेले ते गेलेच. पण पट काही मोडला नाही, तो कार्डावर आला. मुन्शी मांडणी पाठवायचे आणि दत्तराव ती सोडवायचे.

मांडणी म्हणजे डाव नव्हे. पटावर मोजकीच मोहरी अशा जागी ठेवायची की ठरवून दिलेल्या चालींत पांढऱ्यानं काळ्या राजाला मात करावी, आणि तिथं जायची वाट एकच असावी. दुसरी वाट सापडली की मांडणी फुटली, रचणाऱ्याची मान खाली. कार्डावर जागा कमी, म्हणून मुन्शी घरं आकड्यांनी लिहायचे: उजवीकडून तिसरं, खालून पाचवं, घोडा. मोजायचं ते उजवीकडूनच. उर्दूत ओळ तिकडूनच सुरू होते.

या वेळच्या कार्डावर मात्र मांडणी नव्हती. अक्षर पावसात भिजल्यासारखं पसरलेलं होतं. मुन्शींनी लिहिलं होतं:

"दत्तूमियाँ, डोळ्यांत काचबिंदू आहे. हकीम आणि डॉक्टर दोघांचं एकमत झालं, म्हणजे आता उपाय नाही. पावसाळ्यापर्यंत उजेड राहील म्हणतात. मी आयुष्यभर मांडत आलो, तू फोडत आलास. जायच्या आधी या डोळ्यांना तुझी एक मांडणी दाखव. मला फुटणार नाही अशी. एकच."

दत्तरावांनी कार्ड तीनदा वाचलं. फोडणं वेगळं आणि रचणं वेगळं. जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी प्यालेल्या माणसाला कुणी म्हणावं, आता एक विहीर खण, तसं झालं. पावसाळ्याला चार-साडेचार महिने होते, आणि अंगात तर चार पावलांचंही बळ नव्हतं.

"लिवा की, होत न्हाई म्हणून," कमलबाई म्हणाल्या.

"आजवर त्यांनी मपल्याला काय मागितलं?"

"काई न्हाई."

"मग आता कसं न्हाई म्हणू?"

काम शिकायचं तर पुस्तक हवं. दत्तरावांनी पुण्याला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी बुद्धिबळावरचं एक जाड पुस्तक आलं. त्यात मोहरी कशी चालतात, शह कसा द्यावा, दुसऱ्यानं रचलेली मांडणी कशी सोडवावी, सगळं होतं. रचावी कशी याची एक ओळ नव्हती. स्वयंपाक शिकव म्हटलं तर जेवायला कसं बसावं ते सांगणाऱ्यातलं. दत्तरावांनी ते उशाखाली घेतलं. झोप बरी लागली, एवढाच उपयोग.

मग मुंबईहून इंग्रजी पुस्तक मागवलं. नवशिक्या रचनाकारांसाठी असं त्याच्या पाठीवरच लिहिलेलं आहे, असं पोस्टमास्तर म्हणाले. पण पोस्टमास्तरांचं इंग्रजी पाठीपुरतंच होतं, पोटातलं वाचायला परभणी गाठावी लागली. तिथं किशनराव वकील होते, दत्तरावांच्या मावसभावाचे साडू. त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि अर्थ सांगायला घेतला.

"पांढरा पक्षकार काळ्या पक्षकारास तीन चालींच्या मुदतीत, कोणतीही सबब न ऐकता, मात देण्यास बांधील राहील."

"ते कळलं, वकीलसाहेब. रचायचं कसं, ते बघा."

वकिलांनी पानं उलटली. "हं. नवशिक्यासाठी पहिला सल्ला. जवळपास कुणी जाणता मांडणीकार राहत असेल तर त्याच्याकडे जाऊन बसावं. पुस्तकाहून ते बरं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाय का कुणी?"

"व्हता. शेजारीच बसायचा," दत्तराव म्हणाले. "वीस वर्षं."

परतीच्या गाडीत ते बसल्या बसल्या इतके थकले, की म्हणतात, त्या डब्याला ओढायला इंजिनाला वेगळा कोळसा टाकावा लागला.

आता तिसरं उरलं ते एक जुनी वही. तिचा विचार दत्तराव सहा वर्षं टाळत आले होते.

हैदराबादला जाताना मुन्शींनी हिरव्या फडक्यात बांधलेली एक हाती लिहिलेली वही त्यांच्याकडे दिली होती. म्हणाले होते, "ठेव तुझ्याजवळ. कधी उघडलीस आणि काही अडलं, तर विचार." दत्तरावांनी ती अमानत मानली. अमानत उघडायची नसते. देवळीत ठेवली, रोज तिकडे बघून हात जोडावेत इतक्या जपणुकीनं ठेवली. तिसऱ्या वर्षी देवळीच्या भिंतीतून मातीची रेघ उतरलेली दिसली. फडकं सोडलं तर वाळवी. झटकून, उन्हात घालून दत्तरावांनी पानं एकेक करून पाहिली. एकेचाळीस मांडण्या होत्या आणि एकाही पानावर काळा राजा नव्हता.

वाळवी कागद खाते हे कुणीही सांगेल. पण ही वाळवी चवीची होती. पांढरी फौज तिनं सोडली, काळे हत्ती-घोडे सोडले. भोकं पाडली ती समासात, पाठीला, कोपऱ्यांत. आणि राजा मात्र एकूण एक पानावरचा नेला. दत्तरावांनी बराच विचार करून याची उकल काढली होती. मुन्शी काळा राजा दाट शाईनं काढत असणार, शाई धरावी म्हणून तिच्यात गुळाचं पाणी घालत असणार, आणि वाळवीला ते गोड लागलं असणार. कित्येक पानांवर तर कागद धडधाकट होता आणि राजा तेवढा चाटून पुसून नेलेला.

"वाळवीला जीभ असती का चाटायला?" कमलबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"निजामाच्या अमदानीतली वाळवी हाय. तिला तहजीब हाय."

हसण्यावारी नेलं खरं, पण मनाला ती गोष्ट खात राहिली. ज्यानं विश्वासानं वही दिली त्याला काय तोंडानं सांगायचं? म्हणून सांगितलंच नाही. सहा वर्षांत किती कार्डं गेली. तब्येत विचारली, पाऊसपाणी कळवलं, लेकीच्या लेकरांची नावं विचारली, वहीचा शब्द मात्र काढला नाही.

आता मुन्शींचे डोळे जाणार होते. मांडणी होवो न होवो, निदान वही तरी दुरुस्त करून परत करावी, असं दत्तरावांनी ठरवलं. रविवारी दुपारी गावाबाहेरच्या आपल्या रानात जायचं, बाभळीखाली पट टाकायचा, वहीतलं पान मांडायचं आणि हरवलेला राजा शोधायचा. पानाखाली मुन्शींच्या हातानं लिहिलेलं होतं: तीन चालींत मात, चार चालींत मात. तेवढाच आधार.

पहिल्या पानाला दोन रविवार गेले. राजा या घरात ठेवला तर दुसऱ्याच चालीला मेला. त्या घरात ठेवला तर मरेचना, उलट पांढऱ्यालाच पळता भुई थोडी. नवऱ्या मुलाला घरोघर पाट मांडून बसवावं तसं त्यांनी त्याला घराघरांत बसवून पाहिलं. आणि शेवटी एका घरात तो असा बसला की सगळी मोहरी एकदम शहाणी झाली. घोडा कोपऱ्यात उगाच उभा आहे असं वाटत होतं, तो उगाच नव्हता. ते एकटं प्यादं विसरून राहिलेलं नव्हतं. दत्तराव पटाकडे बघत राहिले. नंतर पेन्सिलीनं त्यांनी त्या घरात एक लहानसा राजा काढला.

मग एकाच रविवारात चार पानं होऊ लागली, पुढं सहा. होळी झाली, पाडवा झाला. कचेरीत दप्तर संपत नव्हतं आणि पाठीचा काटा सरळ होत नव्हता, पण एकेचाळीस राजे आपापल्या गादीवर बसले. शेवटचा राजा काढून झाला तेव्हा दत्तरावांच्या ध्यानात आलं की बेचाळिसावी मांडणी त्यांच्या डोक्यात आपोआप उभी राहते आहे. पाच चालींची. आणि मात प्याद्याची. जुन्या खेळाडूंत प्याद्यानं मात करणं हाच मान. हत्ती-वजिरानं काय, कुणीही मारतो.

मांडली. प्यादं पाचव्या चालीला हळूच पुढं सरकून राजाला गाठत होतं. पण दोन दिवसांनी दिसलं की बाजूच्या मोकळ्या रांगेतून पांढरा हत्ती चौथ्याच चालीला शिरतो आणि काम उरकून मोकळा होतो. दुसरी वाट. मांडणी फुटली. ती वाट अडवायला दत्तरावांनी काळा वजीर आणला, तर वजिरानं प्यादंच गिळलं. वजिराला आवरायला उंट आणला, उंटाला आवरायला आणखी एक घोडा. पटावर बाजार भरला. वैशाख निम्मा सरला, आणि मांडणीची नवी जागा धरली की जुनी जागा सुटत होती.

त्या आठवड्यात रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती. येडबा धनगर कळप घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला गेलेला, आणि त्याची बायको केवळाबाई संध्याकाळसाठी वाडगं दुरुस्त करत होती. वाडगं म्हणजे काट्यांच्या फांद्यांचं गोल कुंपण. रात्री मेंढरं त्यात. तिनं मान वर न करता विचारलं, "मालक, मघाधरनं बगायले मी. ही लाकडं घेताव, ठिवताव. काय करायलाव?"

"एक राजा कोंडायचाय, केवळाबाई. एकाच वाटंनं त्याला मरण यावं असा. पण दुसरी बी वाट निघायलीय."

"मग बुजवा की."

"त्यासाठीच तर वजीर आणला."

केवळाबाई उठून आली. पटाभोवती एक चक्कर मारली, जशी वाडग्याभोवती मारतात. "भोक केवढं हाय?"

दत्तरावांनी हत्तीची रांग दाखवली. एकच घर.

"इवढ्याला इतका मोठा माणूस? भोक बुजवायला आख्खं झाड कुणी तोडून आणतंय का? बाभळीची एक फांदी लय झाली." ती परत आपल्या काट्यांकडे वळली. "आन दुसरं सांगू का? लय काटे लावू न्हाई. मेंढरू अंग घासतंय, लोकर काट्याला ऱ्हाती. तोंड एक ठिवावं, बाकी लागंल तेवढंच. तोंड एक असलं की मोजायला बी बरं."

"आन दोन तोंडं ऱ्हायली तर?"

"मग सकाळी आमच्या मालकाचं तोंड बगावं लागतंय. तिसरं."

दत्तरावांनी वजीर उचलला. उंट उचलला, नवा घोडा उचलला. हत्तीच्या रांगेत एक काळं प्यादं ठेवलं, सगळ्यात हलकं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. हत्तीची वाट बंद झाली. बाकी सगळं होतं तसं राहिलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. ऊन बाभळीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. तोंड एकच होतं.

मेंढरं आली तेव्हा केवळाबाई वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून मोजत होती. एक मेंढा तोंडात अडकून मागं पुढं करू लागला, तशी ती म्हणाली, "चल की रं, तुला बी राजाच व्हायचंय का?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत, दोन दप्तरांच्या मधल्या वेळात, दत्तरावांनी मांडणी कार्डावर उतरवली. उर्दूतच. कार्ड पेटीत टाकलं आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आता बसायला हरकत नाही.

बसले ते तीन दिवस. चौथ्या दिवशी जमिनीची एक जुनी नोंद उतरवताना त्यांनी पूर्वेचं बांधावरचं झाड पश्चिमेला लिहिलं, खोडलं, आणि हात तिथंच थांबला. कार्डावर घरं कुठून मोजली? उजवीकडून मोजायची. नऊ वर्षं कार्डांवर तीच रीत. पण ते कार्ड या हातानं लिहिलं होतं, आणि हा हात सहा महिने डावीकडून उजवीकडे चालत होता. अक्षरं उर्दू, मोजणी मराठी. सगळी मांडणी उलटी गेली होती.

घरी येऊन ते ओट्यावर बसले. सावली अगोदरच बसली होती, तिनं जागा दिली.

"आता काय झालं?" कमलबाई म्हणाल्या.

"मुन्शीजीचा उजेड चाललाय, आन मी उलटं पाठवलं. ते आपले डोळे फोडून घेतील त्याच्यावर."

"दुसरं कार्ड टाका मग."

"टाकलं. येतानाच टाकलं. पर ते पोचेपर्यंत..."

ज्येष्ठ लागला. केवळाबाईची मेंढरं सोनपेठच्या वाटेला लागली. जाताना ती विचारून गेली, राजा मेला का. दत्तराव म्हणाले, कळलं न्हाई. त्या दिवसांत गंगाखेडात इतक्या जांभया झाल्या की दळायला बसलेल्या बायांचं पीठ उडून जायचं, असं सांगतात. पोस्टमन दिसला की दत्तराव उठायचे आणि तो पुढे गेला की बसायचे. तेवढाच व्यायाम.

आभाळ भरून यायला लागलं त्या सुमाराला पाकीट आलं. आत अक्षर मुन्शींचं नव्हतं, लेकीचं होतं. पण बोलणं त्यांचंच.

"दत्तूमियाँ, अर्धा उजेड होता तेव्हा तुझं पहिलं कार्ड आलं. पट मांडून डोळ्यांना दाखवलं. तीन दिवस घासलो. एकच वाट, आणि तीही प्याद्याची. ते काळं प्यादं तुला कुणी शिकवलं? इतकं हलकं ठेवणं मला साठीत जमलं. नंतर तुझं दुसरं कार्ड आलं, की गलती झाली, उलटं मांडा. मी उलटं मांडलं. अरे, आरशात बघून मिशी कातरतोस, आजवर कधी आरशातल्याची कापली आणि तुझी राहिली? डावं उजवं झालं तरी घोडा घोड्यासारखाच उडतो आणि प्यादं पुढंच सरकतं. सरळ मांडली तरी फुटली नाही, उलटी मांडली तरी फुटली नाही. हरलो. दोनदा हरलो.

"आता एक विचारतो. वही उघडलीस की नाही? तिच्यात मी काळा राजा कुठंच काढलेला नाही. माझ्या उस्तादांनी मला तशीच वही दिली होती. नवशिक्यानं आधी राजाची जागा शोधावी, मग आपलं रचावं, हीच आमच्याकडची पहिली पायरी. तू विचारशील म्हणून नऊ वर्षं थांबलो. तू पाऊसपाणी कळवत राहिलास."

दत्तरावांनी कागद मांडीवर ठेवला. देवळीकडे पाहिलं. सहा वर्षं ज्या वाळवीवर आळ घेतला ती बिचारी भिंतीत कुठंतरी निर्दोष बसली असेल.

"काय लिवलंय?" कमलबाईंनी पीठ मळता मळता विचारलं.

"वाळवीनं राजा खाल्ला न्हवता."

"मी म्हणलं न्हवतं? जीभ कुठं असती तिला." मग गोळा वळता वळता, "आन मांडणी?"

"फुटली न्हाई."

"मग झालं की. आता तरी निजा."

पण पत्राच्या खाली, समासात, लेकीनं आणखी दोन ओळी आडव्या लिहिल्या होत्या. अब्बांचा उजेड गेला. मात्र आता ते पट डोक्यात मांडतात, दिवसभर रिकामे असतात, आणि विचारतात, दुसरी कधी पाठवतोस.

थकलेल्या माणसाला शाबासकी नको असते, सुट्टी हवी असते. दत्तरावांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर एक रिकामा पट आला, आणि त्याच्या मधल्या घरात काळा राजा आपणहून येऊन बसला. दत्तराव कण्हले. मग उठून पेन्सिलीला टोक काढू लागले.

परळीची गाडी दुसऱ्या दिवशीही उशिराच सुटली. पण स्टेशनावरची जुनी माणसं सांगतात, नेहमीइतकी नव्हे.